उंचीआधी जागा
कमी बजेटमधले कॉइलओव्हर

चाकणच्या कारखान्यात २००९ च्या अखेरीस फोक्सवॅगन पोलो तयार होऊ लागली आणि २०२२ मध्ये तिचे उत्पादन थांबले. त्या काळात रस्त्यावर आलेल्या पोलो आजही पुण्यात, कोल्हापुरात, पणजीत जीव लावून चालवल्या जातात. इंजिन ठणठणीत असते, पत्रा शाबूत असतो, पण शॉकॲब्सॉर्बर थकलेले असतात. खड्ड्यातून गेल्यावर गाडी दोन-तीनदा डुलते, वळणावर कलते आणि मिस्त्री सांगतो, ‘शॉकअप गेलेत, बदलावे लागतील.’ मालकापुढे प्रश्न उभा राहतो तो इथेच. होते तसेच शॉकअप परत बसवायचे, की थोडे पैसे वर घालून कॉइलओव्हरचा सेट घ्यायचा?

प्रश्न पोलोवाल्यांचा म्हणून मांडला असला, तरी स्विफ्ट, आय-ट्वेंटी किंवा होंडा सिटी असणाऱ्यांनाही तो पडतो. या प्रकरणात आपण पोलो समोर ठेवू, कारण नेमकी गाडी समोर असली की आकडे हाताला लागतात.

कॉइलओव्हरने गाडीची उंची बदलता येते, आणि बहुतेक जण तो त्याचसाठी घेतात. गाडी चांगली चालते की नाही हे मात्र दोन गोष्टींवर ठरते: चाकाला वर-खाली जायला किती जागा उरली आहे आणि त्या हालचालीवर शॉकअपचा किती ताबा आहे. बजेट मोजके असेल तर हे आधी समजून घ्यायलाच हवे. स्वस्त सेट विचारपूर्वक बसवला तर वर्षानुवर्षे नीट चालतो, आणि महागडा सेटही तळाला नेऊन ठेवला तर पहिल्याच गतिरोधकावर कंबरडे मोडतो.

आत काय असते

अर्ल मॅकफर्सन या अमेरिकन अभियंत्याने जनरल मोटर्समध्ये असताना शेव्हरले कॅडेट या छोट्या गाडीच्या प्रकल्पावर काम केले होते. तो प्रकल्प गुंडाळला गेला आणि मॅकफर्सन फोर्डमध्ये गेले. चाकाला आधार देणारा खांब (स्ट्रट), त्याच्या आत शॉकअप आणि भोवती स्प्रिंग अशी त्यांची रचना १९४० च्या दशकाच्या शेवटी फ्रान्समधल्या फोर्ड व्हेडेटमध्ये आणि पाठोपाठ ब्रिटनमधल्या फोर्ड कॉन्सलमध्ये आली. कमी भागांत, कमी जागेत आणि कमी खर्चात काम होत असल्याने छोट्या गाड्यांनी ती उचलून धरली. आपल्याकडे मारुती ८०० च्या पुढच्या चाकांना हीच रचना होती, पोलोलाही तीच आहे.

म्हणजे पोलोच्या पुढच्या बाजूला शॉकअपभोवती स्प्रिंग कंपनीतूनच येते. कॉइलओव्हरच्या सेटमध्ये शॉकअपच्या नळीवर बाहेरून आटे पाडलेले असतात. त्या आट्यांवर फिरणाऱ्या रिंगवर स्प्रिंग बसते, रिंग वर-खाली केली की गाडीची उंची बदलते आणि दुसरी रिंग तिला जागेवर घट्ट धरते. मूळ स्प्रिंगपेक्षा ही स्प्रिंग आखूड आणि ताठ असते.

पोलोच्या मागे मात्र वेगळा मामला आहे. तिथे दोन्ही चाकांना जोडणारा टॉर्शन बीम आहे आणि स्प्रिंग व शॉकअप वेगवेगळ्या ठिकाणी बसतात. सेटमध्ये मागच्यासाठी एक सुटी स्प्रिंग, तिच्याखाली आट्यांची उंची-बैठक आणि स्वतंत्र शॉकअप असे तीन तुकडे येतात. मागची स्प्रिंग चाकाच्या अगदी रेषेत नसल्याने तिच्यावर लिहिलेला ताठपणा चाकापर्यंत जसाच्या तसा पोहोचत नाही. चाक १० मिमी हलले आणि स्प्रिंग ८ मिमीच दबली, तर चाकाला जाणवणारा ताठपणा ०.८ चा वर्ग, म्हणजे ६४ टक्केच असतो. त्यामुळे पुढच्या आणि मागच्या स्प्रिंगचे छापील आकडे शेजारी ठेवून तुलना करण्यात अर्थ नाही.

स्प्रिंगचे सोपे गणित

स्प्रिंगचा ताठपणा ‘एक मिलिमीटर दाबायला किती किलो लागतात’ असा मोजतात. सेटवर ‘६ के’ लिहिलेले असेल तर त्याचा अर्थ मिलिमीटरला ६ किलो. काही कंपन्या न्यूटनमध्ये लिहितात, त्या आकड्याला साधारण दहाने भागले की किलो मिळतात.

या आकड्याचा प्रवाशांच्या पाठीशी काय संबंध, हे एका सूत्रातून कळते. गाडीच्या वजनाने स्प्रिंग किती सेंटिमीटर दबली ते बघा, त्याचे वर्गमूळ काढा आणि ५ ला त्याने भागा. गाडी सेकंदाला किती वेळा डुलेल ते उत्तर मिळते.

पोलोच्या पुढच्या एका चाकावर गाडीचे सुमारे ३०० किलो वजन धरू. मिलिमीटरला अडीच किलोची स्प्रिंग असेल तर ती १२ सेंटिमीटर दबेल. १२ चे वर्गमूळ जवळपास साडेतीन, म्हणून गाडी सेकंदाला सुमारे १.४ वेळा डुलेल. घरगुती गाड्या साधारण १ ते १.५ च्या दरम्यान असतात आणि शरीराला ती लय सोसते. आता ६ किलोची स्प्रिंग घाला. दाब ५ सेंटिमीटरवर आला, उत्तर निघते सुमारे २.२. हा आकडा रेसिंगच्या गाड्यांच्या परिसरातला आहे. गुळगुळीत ट्रॅकवर तो छान वाटेल, पण खेड-शिवापूरपासून साताऱ्यापर्यंतच्या जोडरस्त्यांवर आई-वडिलांना मागे बसवून न्यायचे असेल तर तो त्रासाचा आहे. ४ किलोच्या स्प्रिंगने उत्तर १.८ च्या आसपास येते. रोजच्या वापराची आणि अधूनमधून वरंध किंवा आंबोली घाट चढण्याची हौस असलेल्या माणसाने याच्या फार पुढे जाऊ नये.

मागच्या चाकांचेही एक शास्त्र आहे. मॉरिस ओली यांनी १९३० च्या दशकात जनरल मोटर्समध्ये केलेल्या कामातून दिसले की मागची बाजू पुढच्यापेक्षा किंचित जलद डुलली तर प्रवास सपाट होतो. खड्डा आधी पुढच्या चाकाला लागतो, मागचे चाक थोड्या वेळाने त्यात पडते. मागची लय जलद असली तर ती पुढचीला गाठते आणि गाडी घोड्यासारखी उसळत नाही. पण स्वस्त सेटमध्ये पुढच्या स्प्रिंगा फार ताठ आणि मागच्या तुलनेने मऊ असे पुष्कळदा आढळते. विकत घेण्याआधी पुढचे-मागचे दोन्ही आकडे मागा. जो विक्रेता ते देऊ शकत नाही, त्याच्याकडून सेट घेऊ नका.

जागेचा हिशेब

गाडी स्थिर उभी असताना चाकाला वर यायला ठराविक जागा असते. ती संपली की शॉकअपच्या दांड्यावरचा रबरी किंवा फोमचा ठोकळा, म्हणजे बंप स्टॉप, दबू लागतो. तो स्प्रिंगपेक्षा कितीतरी ताठ असतो. तो दबला की मणक्यापर्यंत जाणारा ठोसा बसतो आणि वळणात तसे झाले तर त्या चाकाची पकड एकाएकी बदलते. ‘कॉइलओव्हर फार कडक आहेत’ ही तक्रार ऐकली की आधी बंप स्टॉप तपासावा. गाडी इतकी खाली केलेली असते की स्प्रिंगला काम करायला जागाच उरत नाही आणि गाडी ठोकळ्यावर चालत असते.

समजा मूळ गाडीत चाकाला वर यायला ८० मिमी जागा आहे आणि एखादा मोठा खड्डा ती सगळी वापरतो. नुसती रिंग खाली फिरवून गाडी ३० मिमी खाली केली तर जागाही तेवढीच कमी होऊन ५० मिमी उरते. धक्का तितकाच, जागा कमी, मग स्प्रिंग ताठ हवी. तोच धक्का झेलायला लागणारी जागा ताठपणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात कमी होते. स्प्रिंग दुप्पट ताठ केली तर ८० ऐवजी सुमारे ५७ मिमी पुरतात. म्हणजे ३० मिमी खाली यायचे ठरवले की दुपटीहून ताठ स्प्रिंग जवळपास सक्तीची होते. ६० मिमी खाली गेलात तर उरलेल्या २० मिमीत तो धक्का झेलण्यासाठी स्प्रिंग सोळा पट ताठ लागेल, आणि तशी स्प्रिंग कोणीही विकत नाही. अशी गाडी बंप स्टॉपवरच चालणार.

काही सेटमध्ये उंची दोन ठिकाणी बदलते: स्प्रिंगच्या रिंगवर आणि नळीच्या खालच्या ब्रॅकेटवर. ब्रॅकेट आट्यांवर वर-खाली सरकतो, त्यामुळे शॉकअपची आतली हालचाल न गमावता गाडी खाली आणता येते. कमी बजेटमध्येही ही सोय मिळत असेल तर तिला प्राधान्य द्या. मात्र टायर मडगार्डच्या आत घासणे आणि ड्राइव्ह शाफ्टचा कोन वाढणे या मर्यादा तिलाही आहेत.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. अशा सेटमध्ये स्प्रिंग रिंगने थोडी आवळून ठेवतात. ती जास्त आवळली की कडक होते असे अनेक गॅरेजांत सांगितले जाते. सरळ स्प्रिंग आवळल्याने ताठ होत नाही. मिलिमीटरला ४ किलोची स्प्रिंग तशीच राहते, फक्त चाकाला खाली लटकण्याची जागा कमी-जास्त होते. चाक पूर्ण लटकले असताना स्प्रिंग बैठकीत सैल होऊन वाजणार नाही इतपत आवळणे पुरते.

गतिरोधक आणि पोट

इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकातला गतिरोधक १० सेंटिमीटर उंच, ३.७ मीटर रुंद आणि १७ मीटर त्रिज्येच्या गोलाईचा असतो. ताशी २५ किलोमीटरने तो ओलांडावा अशी कल्पना आहे. पोलोच्या पुढच्या-मागच्या चाकांत सुमारे अडीच मीटर अंतर आहे. अशा गोलाईवर गाडी उभी राहिली तर दोन चाकांच्या मधोमध उंचवटा पोटाच्या दिशेने फक्त साडेचार सेंटिमीटर वर येतो. पोलोचे पोट जमिनीपासून सुमारे १६५ मिमी वर असते. ती ३० मिमी खाली केली तरी हा गतिरोधक ती आरामात ओलांडेल.

पण गल्लोगल्ली डांबराचा ढीग ओतून केलेले गतिरोधक मीटरभरच रुंद, पण उंचीला मानकाइतकेच असतात. दोन्ही चाके सपाट रस्त्यावर आणि उंचवटा मधोमध, असे झाले की पूर्ण १०० मिमी पोटाखाली येतात. ३० मिमी खाली केलेल्या गाडीच्या १३५ मधून १०० गेले, उरले ३५. त्यात चार माणसे, डिकीत सामान आणि उतरताना दबणारी स्प्रिंग धरली की तेवढेही उरत नाही. म्हणून महाराष्ट्रात किंवा गोव्यात रोज चालणारी पोलो १५ ते २५ मिमीपेक्षा जास्त खाली करू नये, असे मी ठामपणे सांगेन. चाक आणि मडगार्ड यांच्यातली पोकळी तेवढ्यानेही डोळ्यांना सुखावेल इतकी कमी होते.

जास्त खाली जाण्यात आणखी एक तोटा दडलेला असतो. मॅकफर्सन रचनेत चाकाला धरणारा लोअर आर्म जवळपास आडवा असावा लागतो. गाडी फार खाली केली की त्याचे बाहेरचे टोक वर जाते. ज्या बिंदूभोवती गाडी कलते तो ‘रोल सेंटर’ अशा वेळी गाडीच्या गुरुत्वमध्यापेक्षा अधिक वेगाने खाली घसरतो. दोघांतले अंतर वाढल्याने गाडी वळणात जास्त कलू पाहते आणि त्यासाठी पुन्हा ताठ स्प्रिंग लागते. टाय रॉडचा कोनही बदलतो, मग खड्ड्यातून जाताना स्टिअरिंग न फिरवता चाके आपोआप किंचित वळतात. वळणावरची पकड वाढावी म्हणून केलेला खर्च असा उलटा पडतो.

शॉकअप: सेटचा जीव

स्प्रिंग धक्का साठवते आणि शॉकअप तो विरघळवतो. तेलात बुडालेला दट्ट्या, त्याच्यातली बारीक छिद्रे आणि पातळ पोलादी चकत्यांच्या झडपा यांतून तेल ढकलले जाते. हालचालीची ऊर्जा उष्णता होऊन बाहेर पडते. स्प्रिंग ताठ केली की शॉकअपचा रोधही वर्गमुळाच्या प्रमाणात वाढवावा लागतो. अडीचवरून सहा किलोवर गेलात तर रोध सुमारे दीडपट हवा. मूळ शॉकअपवर नुसत्या आखूड, ताठ स्प्रिंगा घालून गाडी खाली करणे सर्वांत स्वस्त पडते, पण रोध अपुरा पडल्याने ती गाडी उसळत राहते आणि शॉकअप लवकर गळू लागतात.

बाजारात शॉकअप दोन जातींचे मिळतात. ट्विन ट्यूबमध्ये नळीत नळी असते, आतल्या नळीत दट्ट्या चालतो आणि बाहेरच्या पोकळीत जादा तेल व कमी दाबाचा वायू असतो. मोनोट्यूबमध्ये एकच जाड नळी असते, तेल आणि उच्च दाबाचा नायट्रोजन यांच्यामध्ये तरंगता दट्ट्या असतो. फ्रेंच अभियंते क्रिस्तियाँ बूर्सिए द कार्बों यांनी ही वायुदाबाची मोनोट्यूब रचना पुढे आणली आणि बिल्स्टीनने १९५० च्या दशकात मर्सिडीज-बेंझसाठी ती उत्पादनात नेली. मोनोट्यूबची उष्णता थेट बाहेर पडते आणि तेलात सहसा फेस होत नाही. पण तिच्या नळीवर दगड लागून पोचा पडला की दट्ट्या अडकतो. शिवाय तेवढ्याच लांबीत ट्विन ट्यूब चाकाला जास्त हालचाल देऊ शकते. म्हणून रोजच्या रस्त्यासाठी ‘मोनोट्यूब म्हणजे भारी’ हे समीकरण खरे नाही. जपानच्या टीनचा फ्लेक्स झेड ट्विन ट्यूब आहे, तैवानच्या बीसी रेसिंगची बीआर मालिका मोनोट्यूब आहे, आणि दोन्हींचे समाधानी ग्राहक जगभर आहेत.

आता रोध बदलण्यासाठी शॉकअपच्या डोक्यावर असलेल्या फिरत्या खुंटीविषयी. फ्लेक्स झेडला १६ टप्पे आहेत, बीआरला ३०. कमी बजेटच्या बहुतेक सेटमध्ये ही खुंटी तेलाच्या एका आडवाटेची सुई उघड-बंद करते, त्यामुळे दबतानाचा आणि उसळतानाचा रोध एकदमच बदलतो. प्रत्येक टप्प्याला सारखाच फरक पडतो असेही नाही, बरेचदा मोठा बदल कडक बाजूच्या शेवटच्या काही टप्प्यांत एकवटलेला असतो. त्यामुळे टप्प्यांची संख्या पाहून सेट निवडू नका. जर्मनीच्या केडब्ल्यूचा व्हेरिएंट १ हा सेट महाग असूनही त्याला रोध बदलण्याची खुंटीच नसते. गाडीनुसार झडपा कारखान्यातच ठरवलेल्या असतात, मालकाने फक्त उंची लावायची. नीट ठरवलेली एक जागा चुकीच्या तीस जागांपेक्षा केव्हाही बरी.

खुंटी असेल तर ती अशी वापरा. हलक्या हाताने पूर्ण कडक बाजूला फिरवा, तो शून्य धरा आणि तिथून मऊ बाजूला टप्पे मोजत या. डाव्या-उजव्या चाकांना सारखाच आकडा ठेवा. सुरुवात मऊ बाजूने करा, गाडी डुलणे थांबेपर्यंत एक-दोन टप्पे कडक करत जा आणि तिथे थांबा. रस्ता खराब आहे म्हणून अजून कडक करणे चुकीचे. रोध फार झाला की एका पट्टीवरून दबलेले चाक पुढची पट्टी येण्याआधी परत खाली येऊ शकत नाही. टोलनाक्याआधीच्या सलग पट्ट्यांवर अशी गाडी प्रत्येक पट्टीला थोडी थोडी खाली बसत जाते आणि शेवटी ठोकळ्यावर आदळते.

पैसे कुठे घालावेत

दुकानात सेट समोर आला की पुढच्या गोष्टी तपासा.

पहिली, सुटे भाग. शॉकअप गळला तर एकच नग मिळतो का? फ्लेक्स झेडसारखे काही शॉकअप सीलबंद असतात, खराब झाल्यावर उघडून दुरुस्त करायचे नसतात, आख्खा नग बदलायचा असतो. बीआरसारखे उघडून नव्याने भरता येतात. दोन्ही पद्धती चालतील, पण त्यासाठी नग किंवा कारागीर आपल्या आवाक्यात हवा. नाव न ऐकलेल्या सेटमध्ये एक सील गेले की चारही फेकावे लागतात आणि वाचवलेले पैसे तिथेच जातात.

दुसरी, वरचे माउंट. काही सेटमध्ये रबराऐवजी पोलादी गोल बेअरिंग असते. स्टिअरिंगला त्याने धार येते आणि चाकाचा कलही लावता येतो. पण रस्त्याचा प्रत्येक आवाज केबिनमध्ये येतो, आणि पावसाच्या चिखलात ते बेअरिंग झिजून टकटक करू लागते. रोजच्या गाडीला मूळ रबरी माउंट वापरता येणारा सेट बरा. जुने माउंट मात्र परत बसवू नका, बेअरिंगसह नवे घ्या.

तिसरी, आट्यांवरचा मुलामा. केडब्ल्यू नळ्या स्टेनलेस स्टीलच्या देते, स्वस्त सेटमध्ये जस्ताचा पातळ थर असतो. रत्नागिरी, मालवण, मडगाव अशा खाऱ्या हवेच्या गावी हा फरक वर्षभरात दिसतो.

चौथी, बंप स्टॉप आणि धूळ अडवणारा रबरी बूट सेटसोबत आहेत का. हा भाग क्षुल्लक वाटतो, पण शॉकअपच्या चकचकीत दांड्यावर वाळू बसली की सील तिथूनच फाटते.

आणि शेवटची, शिल्लक. सगळे पैसे सेटमध्ये ओतू नका. माउंट, लिंक रॉड, लोअर आर्मचे बुश, बॉल जॉइंट आणि अलाइनमेंट यांसाठी बजेटचा चौथा भाग तरी राखून ठेवा. दहा वर्षांच्या गाडीत सैल बुशवर ताठ कॉइलओव्हर बसवले, तर आधी शॉकअपच्या मऊपणात झाकलेला प्रत्येक खडखडाट बाहेर येतो आणि दोष नव्या सेटच्या माथी जातो.

बसवताना

मूळ स्ट्रटवरची दाबलेली स्प्रिंग सोडवणे जोखमीचे काम आहे. ती निसटली तर हाड मोडण्याइतका जोर तिच्यात असतो. चांगला स्प्रिंग कंप्रेसर असलेल्या गॅरेजमध्येच ते करून घ्या. शॉकअपचा वरचा नट घट्ट करताना हवेची गन लावू देऊ नका. त्यामुळे दांडा आत गरगर फिरतो आणि सील खराब होते. हातपान्यानेच, सांगितलेल्या ताकदीपर्यंत तो आवळला पाहिजे.

आपल्याकडे एक पायरी सर्रास गाळली जाते. लोअर आर्मच्या बुशमधले रबर आतल्या पोलादी नळीला चिकटवलेले असते. गाडी रॅम्पवर लटकलेली असताना त्याचा बोल्ट आवळला तर गाडी खाली उतरल्यावर ते रबर कायमचे पिळलेले राहते आणि काही महिन्यांत फाटते. बोल्ट सैल ठेवून गाडीचे वजन चाकांवर घ्या आणि मगच तो शेवटचा आवळा. मागच्या बीमच्या बुशलाही हाच नियम लागू आहे.

उंची मोजताना जमिनीपासून मोजू नका, टायरमधल्या हवेने आकडा बदलतो. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत मोजा आणि डावी-उजवी बाजू जुळवा. पहिले काहीशे किलोमीटर झाल्यावर स्प्रिंगा बसतात, तेव्हा सगळे नट आणि रिंग पुन्हा तपासा. अलाइनमेंट बसवल्यानंतर लगेच आणि स्प्रिंगा बसल्यावर परत, अशी दोनदा करा. उंची बदलली की चाकांचा टो, म्हणजे ती आत किंवा बाहेर वळलेली असण्याचा कोन, बदलतोच, आणि टो चुकला तर नवे टायर आतल्या कडेने खाल्ले जातात. पुढची बाजू खाली गेली असेल तर हेडलाइटचा झोतही जवळ पडतो, तोही लावून घ्या.

गाडी खरोखर किती जागा वापरते हे बघायला शॉकअपच्या दांड्यावर प्लॅस्टिकची एक झिप टाय नळीला टेकवून बांधा. आठवडाभर नेहमीच्या रस्त्यांवर, नेहमीच्या माणसांसह फिरा. टाय बंप स्टॉपपाशी ढकलली गेलेली दिसली तर गाडी ५ मिमी उचला आणि पुन्हा बघा. दहा रुपयांत होणारी ही तपासणी कुठल्याही जाहिरातीपेक्षा खरे बोलते.

पुढची वर्षे

कॉइलओव्हर बसवून विसरून जायची वस्तू नाही. पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर आटे ब्रशने धुवा, वाळवा आणि त्यांवर धूळ न धरणारे कोरडे वंगण मारा. ॲल्युमिनियमची रिंग पोलादी नळीवर वर्षभर न हलता बसली की ओलाव्यात दोन धातू एकमेकांना पकडतात. उंची बदलायची नसली तरी वर्षातून एकदा रिंग सैल करून, साफ करून पुन्हा त्याच खुणेवर आणा.

आवाजाकडे कान द्या. लहान खड्ड्यांवर कट-कट होत असेल तर आधी लिंक रॉड बघा, मग वरच्या माउंटचा नट. जागेवर स्टिअरिंग फिरवताना स्प्रिंग ‘टण’ करून उडी मारत असेल तर वरचे बेअरिंग गेले आहे. नळीवर तेलाचा पुसट ओलावा चालतो, ओघळ दिसला तर शॉकअप संपला.

कायद्याचा भागही टाळू नका. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील मूळ उत्पादकाने दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये त्याचा काटेकोर अर्थ लावला. जर्मनीत कॉइलओव्हरसोबत किती मिलिमीटरपर्यंत उतरायला परवानगी आहे याचे तपासणीपत्र येते आणि बदलाची तपासणी होते. आपल्याकडे कॉइलओव्हरसाठी अशी सोपी वाट नाही. त्यामुळे आधी परिवहन कार्यालयात विचारून घ्या, विमा कंपनीला लेखी कळवा आणि मूळ शॉकअप-स्प्रिंगा जपून ठेवा. गाडी विकताना त्या उपयोगी पडतात.

कोणी घ्यावेत

ज्याला वळणांची आवड आहे, जो वर्षातून दोनदा गाडीखाली वाकून बघायला तयार आहे आणि जो २५ मिमीवर समाधान मानू शकतो, त्याने नामांकित कंपनीचा, मध्यम ताठ स्प्रिंगांचा, सुटे भाग मिळणारा सेट जरूर घ्यावा. वळणावर स्टिअरिंगला मिळणारे तत्पर उत्तर आणि महामार्गावर लेन बदलताना न डगमगणारी गाडी ही त्याची खरी कमाई आहे.

ज्याची गाडी बहुतांश वेळ भरलेली असते, ज्याचा रस्ता खाचखळग्यांचा आहे किंवा ज्याला फक्त थकलेले शॉकअप बदलायचे आहेत, त्याने तेच पैसे चांगले नवे शॉकअप, नवे माउंट आणि नवे बुश यांत घालावेत. गॅब्रिएल इंडिया १९६१ पासून शॉकॲब्सॉर्बर बनवते आणि तिचा एक कारखाना चाकणलाच आहे. साध्या शॉकअपमागेही झडपा ठरवण्याचे मुरलेले ज्ञान असते. दहा वर्षांची पोलो मूळ उंचीवर, ताज्या शॉकअपवर आणि अचूक अलाइनमेंटवर किती छान चालते हे अनेक मालक विसरून गेलेले असतात.

आणि बजेट इतकेच असेल की सेट येईल पण अलाइनमेंट, माउंट, बुश राहून जातील, तर थांबा. सहा महिने पैसे साठवा आणि सगळे एकदम करा. अर्धवट कामाची किंमत टायर, बुश आणि पाठ या तिन्हींतून वसूल होते. पूर्ण केलेले साधे काम मात्र प्रत्येक खड्ड्याला चाकाला हवी तेवढी जागा देते, आणि प्रवाशांना सुखाचा प्रवास.